तेलाच्या डागाचं पान

आजीचं बोट पोथीवरून सरकायचं तेव्हा एक आवाज यायचा. खरखर म्हणावी तर तेवढा मोठा नाही, कुजबुज म्हणावी तर तेवढा मऊ नाही. सुपातल्या वाळल्या तुरीच्या शेंगा हाताने एका अंगाला ओढल्या की होतो, साधारण तसा. दिवाळीच्या मागंपुढं कापूस फुटला, की बोंडांच्या वाळल्या टोकांनी वेचणाऱ्या बायांच्या बोटांची पेरं ओरबाडून निघतात, महिनाभरात त्यांवर बारीक भेगा पडतात आणि त्या भेगांना मग कुठलंच तेल पुरत नाही. आजीच्या उजव्या हाताची तर्जनी अशी होती. ती कागदावरून चालली की कागद तिला धरून ठेवू पाहायचा, ती स्वतःला सोडवून पुढं जायची, आणि त्या जरा जरा ओढाताणीतून तो आवाज निघायचा. आता मी साठीला आले. कधी रात्री मध्येच जाग येते, पंखा बंद पडलेला असतो, गावातली कुत्री गप्प झालेली असतात, आणि कुठूनसा तो आवाज येतो. बोटाचा आवाज. एवढीशी गोष्ट.

सोमवारची संध्याकाळ असायची. शेतावरून आली की आजी हातपाय धुवायची, ओटीत वेचून आणलेला कापूस कोपऱ्यातल्या ढिगावर रिकामा करायची, कंदिलाची काच राखेनं पुसायची आणि लाल फडक्यातली पोथी सोडायची. शिवलीलामृत. त्यातला अकरावा अध्याय. तिच्या मांडीच्या खळग्यात मी बसलेली असे, पाठीला तिचं पोट, डोक्यावर तिची हनुवटी. ती बोलू लागली की शब्द आधी माझ्या पाठीत गुणगुणायचे आणि मग कानांत यायचे. पुढ्यात पोथी, पोथीवर ते बोट. कंदिलाच्या उजेडात बोटाची सावली बोटाच्या एक पाऊल पुढं चालायची, जणू तिला पुढची ओळ आधीच माहीत आहे.

तलमडुगुला तेव्हा, आणि आताही, कोण कोणत्या भाषेत बोलतंय याचा कुणी हिशेब ठेवत नाही. तेलुगूत तल म्हणजे डोकं आणि मडुगु म्हणजे डोह. लहानपणी आम्ही पोरं आपल्या गावाच्या नावाची फोड करून ‘डोक्यातला डोह, डोक्यातला डोह’ म्हणत ओढ्यात उड्या टाकायचो. गावाचं नाव तेलुगू, आमच्या ओसरीची बोली मराठी, वेचणीला येणाऱ्या बायांत निम्म्या गोंडीत हसणाऱ्या, आणि आठवडी बाजारात गेलं की सगळ्यांचीच मोडकी हिंदी. आजीचं माहेर किनवटकडचं. तिचं लग्न झालं तेव्हा किनवट आणि आम्ही एकाच जिल्ह्यात होतो, आदिलाबादेत. १९५६ साली राज्यांच्या वाटण्या झाल्या, किनवट तिकडं मुंबई राज्यात गेलं आणि तलमडुगु इकडं आंध्रात राहिलं. आजीला त्यातलं एवढंच जाणवलं, की माहेरच्या पत्रावर आता निराळा शिक्का येतो. पत्र वाचून दाखवायला अर्थात आजोबाच लागत.

हे वाक्य मी आत्ता सहज लिहून गेले, पण लहानपणी ते माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. पत्र आजोबा वाचतात आणि पोथी आजी वाचते, हा मला घरातल्या कामांच्या वाटणीसारखाच एक प्रकार वाटत होता. गाईची धार आजी काढते, बैलांना पाणी आजोबा दाखवतात, तसं.

त्या पोथीतलं एक पान माझं होतं. कधीतरी समईतलं तेल त्याच्यावर सांडलं होतं. डाग वाळून पिवळट झाला होता, कंदिलासमोर धरला की त्यातून उजेड आरपार यायचा. एका बाजूला शेपटीसारखा लांबलेला, दुसऱ्या बाजूला गोल. अकराव्या अध्यायात महानंदेच्या घरचं माकड आणि कोंबडा आहेत, गळ्यात रुद्राक्ष बांधलेले. आजीच्या बोलण्यात ते माकड आलं, की समोर तो डाग यायचा. दर सोमवारी, न चुकता. तेव्हा माझ्या लेखी तो डाग म्हणजेच माकड होतं. बाकीची काळी अक्षरं आजीची, मुंग्यांच्या रांगेसारखी, मला त्यांच्याशी कर्तव्य नव्हतं. मला एक अक्षर येत होतं आणि ते पुरेसं होतं. तो डाग येईपर्यंत मी श्वास धरून बसे. आला की बोट ठेवी. ‘माकड!’

हे वाचन होतं का? माझ्या मते होतं.

एकदा मी तिला विचारलं होतं, की ओळ संपल्यावर तुझं बोट रिकामं का परत येतं? शेतात मी पाहिलेलं होतं. पऱ्हाटीचा एक तास आपण जाताना वेचतो, धुऱ्यावर पोचलो की वळतो आणि दुसरा तास येताना वेचतो. रिकाम्या हातानं कुणी मागं येत नाही. मग पोथीतच बोट उजवीकडून डावीकडं नुसतं उडी मारून का येतं, येता येता वेचत का नाही? आजी बराच वेळ हसली. ‘पोथी म्हंजे काय वावर हाय का माय,’ म्हणाली. पण पुढच्या ओळीशी तिचं बोट क्षणभर थांबलं, तिलाही ते तेव्हाच प्रथम दिसल्यासारखं.

शेतातही ती असंच करायची, थांबायची. वेचता वेचता गोष्ट सांगे. तितराची, कोल्ह्याची, आंधळ्या म्हातारीची. गोष्ट ऐन अडचणीत आली, कोल्हा विहिरीच्या काठाशी पोचला, की धुरा यायचा आणि आजी कंबर सरळ करत म्हणायची, ‘आता काय झालं असंन?’ आणि दुसऱ्या तासाला लागायची, एक अक्षर न बोलता. मी तिच्या मागं मागं. कोल्हा पडला असेल. नाही, पडला तर गोष्ट संपेल. कुणी तरी येईल. कोण येईल? त्या एका तासाच्या अवधीत मी कोल्ह्याचे किती जन्म करून टाकले असतील देव जाणे. तास सरला की ती विचारायची, ‘सांग.’ मी सांगायची. माझी गोष्ट बरी वाटली तर ती आपली बदलून माझीच पुढं न्यायची. पुढं शाळेत नोकरी करत असताना वाचनपूर्व तयारीची प्रशिक्षणं झाली. मुलांना अंदाज बांधू द्या, गोष्ट मध्येच थांबवा, प्रश्न विचारा, असं फळ्यावर लिहून दिलं गेलं. वहीत ते उतरवून घेताना माझ्या नाकाशी पऱ्हाटीच्या वाळल्या पानांचा वास आला होता.

तर तो सोमवार. मार्गशीर्षाची थंडी, आजीच्या लुगड्याचा पदर माझ्याभोवती. वाचन चाललं होतं, बोट सरकत होतं, आवाज येत होता. आजीनं पान उलटलं. आणि तिच्या तोंडी माकड आलं. मी बोट पुढं केलं तर समोर डाग नाही. कोरडं, स्वच्छ पान. आजीचा सूर मात्र तसाच वाहत होता, महानंदा, माकड, कोंबडा, रुद्राक्ष, कुठं अडखळणं नाही.

‘आजी, माकड आलं, पण डाग नाही आला!’

सूर थांबला. तिनं पान पाहिलं. मला वाटतं, इतक्या वर्षांत तिनं पोथीच्या पानाकडे नमस्कारापुरतं नव्हे तर खरंच पाहिलं ते तेव्हाच. तेलानं दोन पानं एकमेकांना चिकटली होती. तिनं अंगठा ओला केला, पानं हळूच सोडवली, मधलं माझं पान निघालं. मग तिनं माझं बोट धरून डागावर टेकवलं. ‘हे घे तुहं माकड.’ आणि जरा वेळानं, माझ्या केसांत तोंड खुपसून, अगदी हळू: ‘चूप ऱ्हाय. देवाले ठाव हाय.’

देवाला काय ठाऊक आहे, ते मला पुढं बऱ्याच वर्षांनी कळलं. आजोबांच्या तोंडून ऐकून ऐकून अख्खा अध्याय तिला पाठ होता. कंदिलाच्या उजेडात आजोबांचे डोळे अधू पडू लागल्यावर पोथी तिनं आपल्याकडे घेतली, एवढंच. कळलं तेव्हा फसवलं गेल्यासारखं मुळीच वाटलं नाही. उलट त्या बोटाबद्दल जीव तुटला. एकेका ओळीखालून ते किती आदरानं चालायचं, ज्या घराची किल्ली आपल्याकडे नाही त्याच्या उंबऱ्याला दर सोमवारी हात लावून यावं तसं. आणि त्याच बोटामागून चालता चालता मला मात्र ते घर उघडलं होतं. आवाज एकीकडे आणि पान दुसरीकडे गेलं हे मला दिसलं होतं. म्हणजे आवाज आणि पान एकत्र जायला हवेत हे मला आधीच कळून चुकलं होतं. अजून ‘क’ काढता येत नव्हता.

‘क’ नंतर आला. त्याच माघात, वसंत पंचमीला, बाबांनी मला बासरला नेलं. गोदावरीकाठचं ते सरस्वतीचं देऊळ आता निर्मल जिल्ह्यात गेलं, तेव्हा ते आमच्या जिल्ह्यातलंच. नांदेडकडचे मराठी लोक आणि तिकडचे तेलुगू लोक, सगळे आपापली चार-पाच वर्षांची पोरं काखेत घेऊन रांगेत. तेलुगूत पाटीला पलक म्हणतात आणि पाटीवरच्या पेन्सिलीला बलपम. देवळाबाहेर पलक-बलपम, पाटी-पेन्सिल असा दोन्ही भाषांत एकच गलका चालला होता. आत एका ताटात तांदूळ पसरलेले. पुजाऱ्यानं माझं बोट आपल्या मुठीत घेतलं आणि तांदळात फिरवलं. ते मराठी वळणाचं अक्षर होतं की तेलुगू वळणाचं, मला सांगता येणार नाही. हात उचलताना चार दाणे घरंगळले आणि ते पुसून गेलं. पण बोट तांदळातून जाताना जो आवाज झाला तो मी ओळखला. मी मान वळवून मागं पाहिलं. आजी आलेली नव्हती, वेचणी सोडून तिला येणं जमलं नव्हतं. जिभेवर देवीची हळद ठेवली गेली. कडू.

मग मी शिकले आणि शिकवूही लागले. सीमेलगतच्या मराठी शाळांतून माझी नोकरी झाली. मी चांगली शिक्षिका होते असं लोक म्हणतात, आणि माझ्या वर्गात बाराखडी न येणारं पोर क्वचितच असे. एकदा तिसरीतल्या एका मुलाला मी पाहुण्यांसमोर उभं केलं. त्यानं बैलाचा अख्खा धडा धाडधाड वाचला, एक काना चुकला नाही, एक वेलांटी सुटली नाही. पाहुणे खूश. त्यातल्या एकानं सहज विचारलं, ‘मग शेवटी बैलाचं काय झालं रे?’ मुलगा माझ्याकडे पाहू लागला, मग पुस्तकाकडे, मग परत माझ्याकडे.

‘कोणता बैल?’

घरी येऊन मी बराच वेळ दिवा लावला नाही. आजीकडे गोष्ट होती आणि अक्षरं नव्हती, या पोराकडे सगळी अक्षरं होती आणि बैल नव्हता. त्याची अक्षरं मीच घोटवली होती. त्याच्या मांडीच्या भाषेत, म्हणजे त्याच्या आईच्या गोंडीत, बैलाला काय म्हणतात हे मी त्याला एकदाही विचारलं नव्हतं.

आणि पोराला त्याच्या घरच्या भाषेतून वाचायला शिकवावं हे आमच्याच जिल्ह्यात कुणाला तरी फार पूर्वी सुचलेलं होतं, ही गोष्ट नंतर हाती लागली तेव्हा मी जास्तच ओशाळले. १९४३ च्या सुमाराला, निजामाच्या काळात, क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ हे मानववंशशास्त्रज्ञ मार्लवाईला गोंडांमध्ये राहत होते. तिथं गोंड मुलांच्या शिक्षणाची योजना सुरू झाली आणि त्यांच्यासाठी वाचनपुस्तकं तयार झाली ती गोंडी भाषेत, देवनागरी अक्षरांत. भाषा घरची, अक्षरं शेजारची. मला ती पुस्तकं हातात घेऊन पाहायची फार इच्छा आहे. पहिल्या पानावर कुठलं जनावर असेल?

आता माझी नात चार वर्षांची आहे आणि गावच्या अंगणवाडीत जाते. अंगणवाडी हा शब्द इथले तेलुगू आईबापही आपलाच म्हणून उच्चारतात, जरा आखडून, अंगन्वाडी असा. त्यांना काय ठाऊक, की तो कुठं दूर समुद्राकाठी, बोर्डीला जन्मला. पोरं बालवाडीपर्यंत येत नाहीत तर बालवाडीनं त्यांच्या अंगणात जावं, असं ताराबाई मोडकांनी आणि अनुताई वाघांनी ठरवलं, गोठ्यालगतच्या, कोंबड्या फिरणाऱ्या अंगणांत सतरंजी अंथरली. १९७५ साली सरकारनं देशभर योजना काढली तेव्हा नाव तेच घेतलं. शब्दही असे चालत चालत गावोगाव जातात, बोट धरून.

नात घरी आली की तिच्या तोंडात दोन्ही भाषांचा खाऊ असतो. अंड्याला ती गुड्डू म्हणते आणि अंगणवाडीतल्या मदतनीस बाईंना आयम्मा. परवा मला सांगत होती, ‘आजी, मराठी अक्षरं झाडाला उलटी लटकलेली वटवाघळं आहेत, आणि तेलुगू अक्षरं कोंबडे. त्यांच्या डोक्यावर तुरा आहे बघ.’ मी तेलुगू पुस्तक पुढं ओढलं. खरंच की. गोलगोल अंगाची, डोक्यावर टोकदार तुरा मिरवणारी. इतकी वर्षं या अक्षरांत राहून मला हा कोंबडा दिसला नव्हता. भेटायला येणारे विचारतात, किती अक्षरं येतात हो हिला, एबीसीडी झाली का? मी म्हणते, वटवाघळं आणि कोंबडे येतात. पार्ले-जीचा पुडा तर ती कुठल्याही भाषेत वाचते, दुकानाच्या पार दुसऱ्या टोकाला ठेवलेला.

तिच्या टीचर तेलुगू आहेत, पण या भागात वाढलेल्या, मराठी कानावर पडलेल्या. एक दिवस मी तिला आणायला गेले तेव्हा पोरांसमोर मोठं चित्रांचं पुस्तक उघडलेलं होतं. टीचरनी फुलपाखरावर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, ‘सीताकोकचिलुका.’ माझी नात ठासून म्हणाली, ‘फुलपाखरू.’ मी दाराशी अंग चोरून उभी. आता हिला गप्प करतील, मीही केलं असतं. टीचरनी पुस्तक जरा तिच्याकडे वळवलं आणि विचारलं, तुमच्या घरी असं म्हणतात? अजून कुणाच्या घरी काय म्हणतात? आणि मग दहा-बारा पोरांनी मिळून ते एक पाखरू तीन-चार भाषांत उडवलं. त्या गडबडीत पुस्तकातली गोष्ट पाच मिनिटं जागची हलली नाही. न हलू दे. वाटेत नात म्हणाली, ‘आजी, तेलुगू फुलपाखरात सीता आहे.’ मी तिला सांगितलं, आपल्या कापसातही आहे. पहिली वेचणी करायच्या आधी वावरात पूजा करून दहीभात ठेवतात, त्याला सीतादही म्हणतात. तिनं माझ्याकडे संशयानं पाहिलं. एवढ्या सगळ्या ठिकाणी एकच सीता कशी पुरेल, असं तिच्या चेहऱ्यावर होतं.

काल संध्याकाळी ती मला वाचून दाखवत होती. अंगणवाडीतून आणलेलं तेलुगू पुस्तक, वाचन अस्सल मराठीत. मी स्वयंपाक अर्धा टाकून ओसरीवर बसले, ती माझ्या मांडीच्या खळग्यात. बोट ओळीखालून डावीकडून उजवीकडं जात होतं, ओळ संपली की उडी मारून परत येत होतं, रिकामं. गोष्ट तिची तीच रचत होती, पण पान आणि गोष्ट यांची कुठं तरी गाठ पडावी म्हणून धडपडत होती. पाखराच्या चित्रापाशी पोचेपर्यंत तिनं एक वाक्य तीनदा लांबवलं. मी कान देऊन ऐकत होते. तिच्या बोटाला आवाज नाही. मऊ आहे ते, कापसाच्या वाटेला अजून गेलेलं नाही.

पान उलटताना माझा हात लागला असावा. पाखराच्या पंखाखाली, शेवटच्या ओळीच्या पुढं, हळदीचा एक ठसा उमटला होता, एका बाजूला गोल, दुसऱ्या बाजूला जरा ओढला गेलेला. तिचं बोट ओळ संपवून तिथं येऊन थांबलं. पुढं जाईना, मागंही येईना.

‘आजी, हे कोणतं अक्षर?’

‘थांब,’ मी म्हटलं, ‘चष्मा लावून बघते.’ आणि पदरानं चष्म्याच्या काचा पुसून पान दिव्यासमोर धरलं.